पिंपाला प्रवेश नाही

"गप्पूजी, आपको नहाने के लिए इतना सारा पानी, और हमें पीने के लिए खरीदना पड़ता है, ऐसा क्यों?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे माइक माझ्या हातात होता, आवाज माझा होता, समोर बसलेल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडेच वळल्या होत्या. पण प्रश्न हरलीन आणि चिरागचा होता. माझे वर्गातले हे दोन थोर मित्र तेव्हा पहिल्या रांगेत एकमेकांच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होते. शो सुरू व्हायच्या आधी हरलीन म्हणाली होती, "अक्षता, तू ये पूछ ही नहीं सकती. लगी शर्त?" आणि चिराग म्हणाला होता, "छोड़ यार, उसके पापा का पार्क है. नहीं पूछेगी."

आता मला सांगा, असं कुणी म्हटल्यावर गप्प कसं बसायचं?

"पापा का पार्क" हे तसं अर्धंच खरं. फरीदाबादच्या थोडं पुढे जल्लोष पार्क आहे, त्याचा बाबा मालक नाही, ऑपरेशन्स हेड आहे. झुले नीट फिरतायत ना, स्वच्छतागृहं धुतली ना, गेटातून कोण काय घेऊन आत चाललंय, हे सगळं त्याच्याकडे. आणि गप्पू म्हणजे पार्कचा पाणघोडा. निळ्या फोमच्या पोशाखात एक माणूस असतो. तो तळ्याच्या काठावर नाचतो, मुलं त्याला प्रश्न विचारतात, तो हातवारे करून उत्तरं देतो, आणि माइक धरून हे सगळं चालवायला एक होस्ट लागते. त्या दिवशी होस्ट मी होते. ट्रायल होती माझी. शोच्या प्रमुख वैजयंती मॅडम बाजूला गॉगल लावून उभ्या होत्या. त्यांना मी पसंत पडले, तर उन्हाळ्याच्या सुट्टीतला प्रत्येक शनिवार-रविवार तो माइक माझा.

आणि मला तो माइक हवा होता. किती हवा होता, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

या जानेवारीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी मुलगी होते. दिल्लीच्या द्वारकेतलं आमचं महाराष्ट्र मंडळ दर संक्रांतीला पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला जातं, तशी मीही गेले होते. निवेदन करणाऱ्या धीरजदादाचा आवाज ऐन वेळी बसला. तो लातूरचा, इकडे यूपीएससीचा अभ्यास करतो, आणि आदल्या रात्री थंडीत हरभरे खाऊन त्यावर ताक पिऊन आला होता म्हणे. मंडळाचे अध्यक्ष दिलीपकाका गडबडले आणि जवळ जी पहिली व्यक्ती दिसली तिच्या हातात त्यांनी माइक कोंबला. "सांग गं, पाणी कुठंय ते तरी सांग लोकांना!"

मी म्हणाले, "पाणी डावीकडे आहे, झाडाखाली, पिंपाजवळ. सगळ्यांसाठी आहे."

बस्स, एवढंच. पण माझा आवाज त्या स्पीकरमधून मैदानभर गेला आणि शेकडो माणसं डावीकडे वळली. माझ्या सांगण्यावरून! त्यानंतर मी थांबलेच नाही. शाळेची डिबेट, नुक्कड नाटक, सोसायटीची होळी. आई म्हणते, "हिला बंद करायचं बटण कुठंय, कुणी बघितलंय का?"

तर ते पिंप. मंडळाचं स्टीलचं, तोटीचं, पोटावर 'महाराष्ट्र मंडळ, द्वारका' असं कोरलेलं. ते दर वर्षी एका घरी राहायला जातं, आणि ज्याच्या घरी पिंप, त्याच्याकडे वर्षभर सगळ्या सहलींचं पाणी. त्यामुळे आमच्या मंडळात एक गंमत आहे. सहलीला कुणीच घरून पाण्याची बाटली आणत नाही. डबे येतात, सतरंज्या येतात, कॅरम येतो, बाटली नाही. 'पिंप आहे ना!'

या वर्षी पिंप आमच्याकडे होतं. आणि या वर्षीची उन्हाळी सहल बाबाने मोठ्या हौसेने स्वतःच्या पार्कात ठरवली होती. माझी ट्रायलही त्याच दिवशी. हरलीन आणि चिरागलाही घेऊन चल म्हणाला.

त्यामुळे सकाळी गेटवर काय झालं असेल, ते ओळखा.

गार्डने पिंपासमोर हात आडवा केला. "सर, बाहर का पानी अलाउड नहीं है."

"अरे, ये हमारा है," बाबा म्हणाला.

"हाँ सर. पर आपने ही तो बोला था, किसी का नहीं. आप टेस्ट ले रहे हो ना सर?"

बिचारा हसत होता. त्याला वाटलं, साहेब परीक्षा घेतायत आणि आपण पास झालो. आणि बाबाचा चेहरा! यार, मी शपथेवर सांगते, त्याला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. घरातून ते पिंप भरलं त्याने, गाडीत चढवलं त्याने, गेटचा नियम केला त्याने, आणि तरी या दोन गोष्टींची त्याच्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. 'बाहेरचं पाणी' म्हणजे लोक आणतात ते. पिंप म्हणजे आपलं घरचं.

दिलीपकाका पुढे आले. "यशोधन, पाणी तुझ्याकडे होतं ना?"

"हो काका. आणलंय ना."

"मग ते बाहेर आणि आपण आत?"

"मी सगळ्यांना बाटल्या घेतो ना आत. माझ्याकडून."

"पिंप असताना बाटल्या घेणार?" हे शुभदाकाकू म्हणाल्या, म्हणजे दिलीपकाकांच्या मिसेस. "तुम्ही जा सगळे. मला तशीही त्या झुल्यांवर चक्कर येते. मी बसते इथं."

आणि खरंच गेटाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत स्टूल टाकून काकू पिंपाशेजारी बसल्या. मग दिवसभर काय दृश्य होतं! मंडळाची माणसं मनगटावर शिक्का मारून बाहेर यायची, पाणी प्यायची, परत आत जायची. त्यांना बघून बाकीचेही यायला लागले. बसचे ड्रायव्हर, गुरुग्रामहून आलेली एक पंजाबी फॅमिली, कडेवर बाळ घेतलेली एक बाई. काकू प्रत्येकाला म्हणायच्या, "लो बेटा, आराम से पियो, गिराना नहीं."

तेच बघून हरलीन आणि चिरागला तो प्रश्न सुचला होता.

तर मी विचारला. गप्पूला बोलायची परवानगी नसते. त्याने आधी दोन्ही हात गालांवर ठेवले. मग तळ्याकडे बघितलं. मग पोटावर हात ठेवून मटकन खाली बसला. लोक खो खो हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "जवाब दो, गप्पू!" एक आजी टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मग सगळेच.

आणि तेवढ्यात मला सगळ्यात मागे बाबा दिसला. वॉकीटॉकी हातात, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, "चलिए, गप्पू सोच रहा है, तब तक सब लोग खड़े हो जाइए, डान्स!" आणि शो पुढे नेला. छान नेला. खोटं कशाला बोलू?

शो संपल्यावर वैजयंती मॅडमनी गॉगल डोक्यावर सरकवला. "बहुत अच्छी हो तुम. भीड़ तुम्हारी सुनती है. जगह तुम्हारी."

मी उडीच मारणार होते.

"वो सवाल एक बार हो गया, चलो, मज़ाक था. दोबारा नहीं. और हर शो के शुरू में ये लाइन बोलनी है." त्यांनी फोन समोर धरला. 'प्यास लगी है? आइए गप्पू के ठंडे-ठंडे स्टॉल पर!' "सोमवार तक हाँ बता देना."

उडी तिथल्या तिथे विरघळली.

"बोल दे ना," चिराग म्हणाला. "एक लाइन है. बाकी पूरा शो तेरा. इतना मत सोच."

"तू चुप कर," हरलीन म्हणाली. "अक्षता, जून में मेरे दादाजी गाड़ियाँ रोक-रोक के छबील का मीठा पानी पिलाते हैं. पिछले साल तूने भी गिलास बाँटे थे. अब तू लोगों को स्टॉल पे भेजेगी?"

"मी अजून हो म्हणालेले नाही," मी मराठीतच म्हणाले. वैतागले की माझं असं होतं.

मग बाबा आला. म्हणाला, "चल माझ्याबरोबर." मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण तो मला थेट प्रथमोपचाराच्या खोलीमागे घेऊन गेला. तिथे भिंतीला लागून एक मोठा कूलर होता. स्वच्छ. तीन नळ. त्याने एक उघडला.

"पी."

मी ओंजळ धरली. थंडगार, चांगलं पाणी.

"म्हणजे आहे?" मी म्हणाले. "फुकट?"

"पहिल्या दिवसापासून आहे. रोज टेस्ट होतं. तू माइकवर म्हणालीस तसं नाहीये."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण जराच. कारण मी आजूबाजूला बघितलं. "बाबा, इथे तर कुणीच नाहीये. बोर्ड कुठंय?"

"होता."

"मग?"

"पहिल्या उन्हाळ्यात गेटाशीच होता हा कूलर. लोकांनी पाय धुतले, डबे धुतले, पोरांना अंघोळी घातल्या. चिखल झाला. एक म्हातारे गृहस्थ घसरून पडले, हात मोडला त्यांचा. मग मीटिंगमध्ये ठरलं, कूलर मागे न्यायचा. बोर्ड नको, गर्दी नको. कुणी विचारलं तर दाखवायचा."

"कुणी ठरवलं?"

"मी," बाबा म्हणाला. "तुला वाटतं तेवढं सोपं नसतं, अक्षू. पाणी ठेवायचं म्हणजे नुसतं ठेवायचं नसतं. ते सांभाळावं लागतं."

खरं सांगते, हे मला पटलं. पण मी डिबेटमध्ये उगाच नाही जिंकत.

"बाबा, सकाळपासून पिंपापाशी किती माणसं आली असतील?"

"बरीच."

"कुणी पाय धुतले?"

"तिथं काकू बसल्यात! कुणाची हिंमत आहे?"

"मग?"

बाबा हसू दाबत म्हणाला, "काकूंना नोकरीवर ठेवू का मी?"

"काकू नाही. पण कुणीतरी. आणि लोकांना माहितीच नसेल, तर ते विचारणार कसे? तू स्वतः ऑपरेशन्स हेड असून पिंप घेऊन आलास, आणि गेटवर तुलाही हा कूलर आठवला नाही."

वॉकीटॉकीवर कुणीतरी त्याला बोलावत होतं, तरी त्याने आधी तो नळ घट्ट बंद केला. मग जाता जाता म्हणाला, "वैजयंतीने दिलेली ओळ मी वाचलीय. त्यात मी पडणार नाही. ते तुझं तू ठरव. फक्त एक लक्षात ठेव, तिथं तू माझी मुलगी म्हणून उभी असशील. तू जे बोलशील त्याचा जाब मलाही विचारतील."

हे त्याने धमकी म्हणून नाही सांगितलं. म्हणूनच ते जास्त जड होतं.

संध्याकाळी परत निघालो. मंडळ बसने, आम्ही आमच्या गाडीने. मागच्या सीटवर मी, आणि माझ्या शेजारी रिकामं पिंप, सीटबेल्ट लावून. आई पुढे बसून चपला काढून पाय चोळत होती. बदरपूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली.

"काय गं," आई म्हणाली. "आज एवढी शांत? बटण सापडलं का कुणाला?"

"ती विचार करतेय," बाबा आरशातून बघत म्हणाला. "गप्पूसारखी."

मी पिंपावर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हातून येऊनसुद्धा ते तळाशी अजून गार होतं. माइक सोडायचा? छे. गर्दी माझं ऐकते, हे मला जानेवारीतच कळलंय, आणि ते मी आता विसरू शकत नाही. पण माझं ऐकून लोक पहिल्यांदा कुठे वळले होते, तेही मी विसरू शकत नाही.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "मी शो करणार. सोमवारी मॅडमना भेटून सांगणार, फोनवर नाही, समोर उभं राहून. स्टॉलची ओळ मी म्हणेन, त्यांचा स्टॉल आहे, त्यांनी विकावं. पण तिच्या आधी माझी एक ओळ असेल, प्रत्येक शोला: 'पीने का पानी फर्स्ट-एड के पीछे, बाईं तरफ, सबके लिए, मुफ़्त. पैर मत धोना.' चालत असेल तर मी येते. नसेल चालत तर त्यांनी माइक दुसऱ्या कुणालातरी द्यावा."

"आणि नाही म्हणाल्या तर?" आईने मागे वळून विचारलं. "जीव टाकतेस तू त्या माइकवर."

"टाकतेच. म्हणून तर असा-तसा नको." मग मी आरशातल्या बाबाकडे बघितलं. "आणि बाबा, तुला कुणी जाब विचारला तर सांग, मुलीने स्वतः ठरवलंय, तिच्याशी बोला. बोर्ड परत लावायचा की नाही, तिथे कुणाला उभं करायचं, ते तुझं काम. मी त्यात पडणार नाही. पण तू बोर्ड लावेपर्यंत बोर्ड मीच आहे."