एका फोटोला एक तांदूळ

मी एक जुना राक्षस आहे. उंची दीड वीत. मित्रांनो, घाबरू नका, पण हसूही नका. एके काळी लालबाग-परळची धडधाकट माणसं मला बघून खुर्चीचे दांडे आवळून धरत. पडद्यावर मी चार मजली दिसायचो आणि माझ्या पावलागणिक थिएटरातल्या पोरांचे पाय वर खुर्चीवर जायचे. माझं नाव गाळासुर. माझगावच्या गोदीमागच्या गाळातून वर येणारा आणि मुंबईवर चालून जाणारा. निदान सिनेमात तरी.

खरा मी जन्मलो तो लालबागला, गणपतीच्या कारखान्यात.

मूर्तिकार कुशाबाचा कारखाना म्हणजे चाळीच्या मागची एक पत्र्याची शेड. गणपती गेले की ती मे महिन्यापर्यंत रिकामीच असायची. पंचावन्न साली पावसाळ्यानंतर गिरगावचे नाना ती भाड्याने मागायला आले. नाना कॅमेरावाले. त्यांच्या डोक्यात सिनेमा होता आणि सिनेमाच्या डोक्यात राक्षस. "कुशाबा, दीड वीत उंचीचा पुतळा करायचा. पण तो चालला पाहिजे."

"चालवणार कोण?"

"तूच. थोडा हलवायचा, एक फोटो घ्यायचा. परत थोडा हलवायचा, परत फोटो. असे चोवीस फोटो झाले की एक सेकंद होतो."

"आणि सिनेमा किती सेकंदांचा?" कुशाबाने विचारलं. नानांनी सांगितलं नाही. शहाणा माणूस.

माझा सांगाडा मोडक्या छत्रीच्या काड्यांचा आहे. हातांत तांब्याची तार. पोटात गिरणीतला टाकाऊ कापूस, वरून सायकलच्या ट्यूबची कातडी आणि त्यावर सरसाचे खवले. सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, कुशाबाने आंघोळ करून माझे डोळे आखले. गणपतीचे डोळे तो असेच आखायचा, शेवटी आणि आंघोळ करून. हाताची सवय, दुसरं काय. त्यामुळे माझे दात राक्षसाचे असले तरी डोळे जरा समजूतदार आहेत. नाना म्हणाले, "अरे, हा तर चहा विचारील असा बघतोय!" पण बदलायला सवड नव्हती.

माझी मुंबईही तिथेच तयार झाली. काड्यापेट्यांच्या चाळी, त्यांना आकाशकंदिलाच्या कागदाच्या खिडक्या आणि आत बारके दिवे. गिरणीच्या चिमण्या सुताच्या मोठ्या बॉबिनींच्या. धूर धुपाचा. खाडी म्हणजे निळा जिलेटिनचा कागद, खालून हलवला की लाटा. पळणारी माणसं नानांनी आधी शिवडीला खरीच पळवून आणली होती; तीच फिल्म कॅमेऱ्यात परत घालून तिच्यावर मला टिपायचं, म्हणजे माणसं खाली आणि मी वर, एकाच चित्रात. आज तुमच्या हातातल्या फोनमध्ये हे खेळ चुटकीसरशी होतात, मला ठाऊक आहे. आमच्याकडे चुटकी नव्हती, बोटं होती.

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. कुशाबाने माझ्या पायाला हात लावला आणि मागे घेतला. "नाना, मला नाही जमणार."

"का रे?"

"आमच्यात उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवतात. हलवली की देव गेला. मी ज्याचे डोळे उघडले त्याला मीच हलवू? हात उचलत नाही."

तेव्हा कोपऱ्यात जिलेटिनच्या सुरकुत्या काढत बसलेली त्याची बायको राधाबाई उठली. गिरणीतल्या वायंडिंग खात्यात तिने तेरा वर्षं तुटलेलं सूत जोडलं होतं. खात्यात नवी यंत्रं आली आणि तिला घरी बसवलं. "तुमच्यात हलवली की जीव जातो," ती नवऱ्याला म्हणाली, "नानांच्यात हलवली की जीव येतो. व्हा बाजूला."

मित्रांनो, मी किती हातांतून गेलो, पण तसे हात परत मिळाले नाहीत. किती हलवायचं याचं तिने स्वतःचं माप काढलं. एका फोटोला एक तांदूळ. माझ्या अंगठ्यापुढे तांदळाचा दाणा आडवा ठेवायचा, मला तिथवर सरकवायचं, दाणा उचलायचा, नानांना "हां" म्हणायचं. करड्या जमिनीवर पांढरा दाणा दिसेना, म्हणून तिने तांदूळ कुंकवात घोळले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दीडशे फोटो झाले तर नाना खूश. दीडशे फोटो म्हणजे तुमचे सहा सेकंद. तेवढ्यात तुम्ही एक शिंकसुद्धा नीट देऊ शकत नाही.

तरी नानांना धाकधूक होती. आणलेली फिल्म थोडी, आणि परवान्यावर मिळणारी, संपली तर दुसरी कधी मिळेल याचा नेम नाही. म्हणून त्यांनी दशावतारात राक्षस रंगवणाऱ्या चिंतामणीचं माप घेऊन गोणपाटाचा एक अंगरखा शिवून ठेवला होता. बाहुल्याचं काम फसलं, तर चिंतामणी तो चढवून नाचणार, एका दिवसात सगळं उरकणार. मी? मी कचऱ्यात. राधाबाई? परत घरी. तो अंगरखा समोरच्या खुंटीवर लटकलेला असायचा. त्याच्याकडे बघत बघत मी महिने काढले.

छप्पन सालच्या जानेवारीत आम्ही शेवटच्या दृश्याला आलो. मी गिरणीची सगळ्यात उंच चिमणी पाडायची, असं कागदावर होतं. अकरा दिवस तांदूळ-तांदूळ करून राधाबाईने माझा उजवा हात चिमणीच्या डोक्यावर नेला. आता फक्त खाली आणायचा. त्या संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. गल्लीत माणसं उतरली. कुशाबा पायात चपला न घालताच गेला. राधाबाईने माझ्या अंगठ्यांपाशी, टाचांपाशी, शेपटाच्या टोकाशी तांबडे दाणे मांडले, म्हणजे मी कुठे होतो ते चुकायला नको. नाना सगळ्यांना बजावून गेले, "कोणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा झटकायची नाही."

मग गोळीबार झाला, संचारबंदी लागली. नाना गिरगावात अडकले. कुशाबाला पकडून नेल्याचं कळलं. कोणीतरी म्हणालं भोईवाड्याच्या कोर्टात आणलंय, म्हणून राधाबाई तिकडे धावली आणि ती बहिणीच्या खोलीत अडकली. मी अंधारात हात वर करून उभा. चार दिवस. मी राक्षस खरा, पण बाहेर फाटफाट आवाज झाला की माझ्या काड्यापेट्यांच्या चाळी थरथरायच्या, आणि त्यांतली एकही मी पाडलेली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी कुलूप निघालं. आत आली ती सुंदराबाई, कुशाबाची आई. हातात निरांजन आणि दह्याची वाटी. म्हातारीने आधी दिवा लावला. मग माझ्या पायांपाशी वाकून बघितलं. तांबडे तांदूळ! ती थबकली. म्हणजे अक्षता टाकल्या आहेत, उत्तरपूजा झाली आहे, आणि ही पोरं मूर्ती हलवायला विसरून निघून गेली! डोळे उघडलेली मूर्ती, अर्ध्या निरोपात ताटकळत ठेवलेली. तिला ते बघवेना. तिने माझ्या वर केलेल्या पंजावर दही ठेवलं, प्रवासाला निघालेल्याच्या हातावर ठेवतात तसं. चार अक्षता वाहिल्या. मग दोन्ही तळहातांनी मला धरलं आणि दाराच्या, खाडीच्या दिशेला वळवलं.

"जा रे बाबा," ती म्हणाली. "तू तरी सुखरूप घराक जा."

माझ्या कपाळावर पाण्याचा एक थेंब पडला. छप्पर गळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राधाबाई आली, मागोमाग नाना. मला बघून राधाबाई माझ्या पायांपाशी खाली बसली आणि खुणेचे दाणे शोधू लागली; ते विस्कटलेले, त्यांत म्हातारीच्या अक्षता मिसळलेल्या, आधीची नेमकी जागा सापडेना. अकरा दिवसांची मेहनत वाया गेली होती. पंजावर दही वाळलेलं, त्याला मुंग्या.

"आये, ह्यां काय केल्यात तुमी?"

"काय केलंय? तुमी अर्धी ठेवलेली पूजा पुरी केलंय," सुंदराबाई दारातूनच म्हणाली. "अक्षता टाकल्यात आणि हलवूक इसारल्यात."

"अहो, त्या अक्षता नव्हत्या! आणि देव नाही हा, राक्षस आहे!" नाना ओरडले.

"नानानू, डोळे माझ्या झिलान उघडल्यान. मगे तो देव असो नायतर राक्षस, घरचो पावणो. चार दिस दिव्याशिवाय उभो. माझो झील खंय उभो असा, तां तरी कोणाक ठावक?"

शेवटी नानांनी खुंटीवरचा अंगरखा काढून खांद्यावर टाकला. "राधाबाई, फिल्म शेवटापुरतीच उरली आहे. सगळं परत पहिल्यापासून घ्यायला पुरणार नाही. चिंतामणीला निरोप धाडतो. तुमची चूक नाही."

राधाबाई उठली नाही. ती माझ्याकडे बघत होती. नुसती नाही, तुटलेल्या सुताची दोन टोकं शोधावीत तशी. मग तिने पदराच्या टोकाने माझ्या पंजावरचं दही पुसलं, अगदी अलगद, हात जागचा न हलू देता.

"नाना, माणसाला मागून हाक आली तर तो किती फोटोंत वळतो?"

"म्हणजे?"

"सावकाश वळत नाही. झटक्यात वळतो. हा वळलाय तसाच." तिने माझ्या चेहऱ्याकडे बोट केलं. "इथून पुढं घेऊ. हात चिमणीवर होता, हाक आली, हा वळला. आता हात खाली घेईल आणि परत जाईल."

"अहो, पण चिमणी पडायची आहे! आणि हाक मारली कोणी?"

"ते बघणाऱ्यांवर सोडा. ज्याला ज्याची आठवण येईल, त्याने मारली."

नाना बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून होते. मग त्यांनी अंगरखा खांद्यावरून काढला आणि खाली टाकला, खुंटीवर नाही. "बसा. एकच संधी आहे, राधाबाई. एक फोटो चुकला तर दुसरा नाही."

एकही चुकला नाही. नऊ दिवस. तिचा नवरा तुरुंगात होता, गल्लीत पोलीस होते, आणि ती तांदूळ ठेवत होती, मला सरकवत होती, तांदूळ उचलत होती. माझा उगारलेला हात खाली आला. मी खाडीकडे चाललो. जिलेटिनच्या लाटांत गुडघे, मग कंबर, मग खांदे. सुंदराबाई दारात बसून बघायची आणि मधूनच सुनेला म्हणायची, "दमान गे. घराक जाताना कोण धावता?" राधाबाई तिला एका शब्दाने बोलली नाही. उलट चाल खरंच मंद केली. एका फोटोला अर्धा तांदूळ.

सिनेमा लागला तेव्हा कुशाबा सुटून आलेला होता. परळच्या थिएटरात तिघं पुढच्या रांगेत बसली, आणि मी राधाबाईच्या पिशवीत. माझा हात चिमणीवर गेला आणि पिटात सन्नाटा. त्या चिमणीवर थिएटरातल्या निम्म्या घरांच्या चुली पेटत होत्या, मित्रांनो. ती पाडली असती तर त्यांनी खुर्च्या तरी ठेवल्या असत्या की नाही कोण जाणे. मग तो झटका. मी वळलो. आणि हात खाली आला तसा सगळा पिट उठून उभा राहिला. शिट्ट्या, टोप्या हवेत, 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्या. राक्षस घरी गेला म्हणून एवढा आनंद मी कुठे ऐकला नाही.

त्या गलक्यात कुशाबा आईकडे वाकला. "आये, तो मागे का बघता?"

"मिया बोलवलंय तेका," सुंदराबाई म्हणाली. "तू येयनास, म्हणान."

कुशाबा सिनेमा संपेपर्यंत पडद्याकडे बघत होता, पण त्याला काही दिसत नसावं.

पुढे चांगले दिवस आले, तसे गेलेही. वर्षभर शाळांच्या स्नेहसंमेलनांतून माझा सत्कार झाला. साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीच्या मांडवात मला हार घातला होता. हार माझ्याहून मोठा. मग नवे सिनेमे आले, नवे राक्षस आले, माझ्याहून गुळगुळीत. मी पत्र्याच्या ट्रंकेत गेलो. शेपटाचं टोक उंदराने खाल्लं. तक्रार नाही; त्यालाही संसार असेल. पण अंधारात पडल्यापडल्या मला एवढं माहीत होतं की माझ्यासारखा चाललेला दुसरा कोणी नाही.

परवा दादरच्या एका सभागृहात 'गाळासुर' पुन्हा दाखवला. मला काचेच्या पेटीत दारापाशी ठेवलं होतं. जुनी फिल्म धुऊनपुसून देणारा एक हुशार मुलगा आधी राधाबाईच्या नातीला म्हणाला, "मॅडम, शेवटी एक झटका आहे. फ्रेम सुटल्यात बहुतेक. कॉम्प्युटरवर मधल्या भरून टाकतो, स्मूथ होईल."

नात म्हणाली, "धूळ काढा, ओरखडे काढा. त्या झटक्याला हात लावू नका. ती माझी पणजी आहे."

त्या मुलाने झटका होता तसाच ठेवला. सुरुवातीला सभागृहातली पोरं माझ्या चालण्याला हसली, हसू देत. झटक्यानंतर हसली नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने तर मान वळवून मागे बघितलं, हाक कोणी मारली म्हणून.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी, कुणाच्या माळ्यावर, माझ्यासारखं काही पडलेलं असेल तर ते काढा. वाळवी लागली असेल तर झटका, मोडलं असेल तर जोडा. पण नव्यासारखं चकचकीत करायच्या नादात त्यावरचे हात पुसून टाकू नका. कधी माझ्या पेटीपाशी आलात तर वाकून बघा. माझ्या डाव्या पावलाखाली, सरसात रुतलेला, एक तांबडा तांदूळ अजून आहे. राधाबाईच्या मापाचा की सुंदराबाईच्या अक्षतांतला, ते मलाही सांगता येत नाही. पेटी साफ कराल तेव्हा तेवढा राहू द्या. त्याच्यावर उभा आहे मी.