बावखलाकाठच्या टोपल्या

डीडीटी मारायला माणसं येणार म्हटल्यावर आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांनी दारं लावून घेतली. सरलावहिनी मात्र रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि फवारणी करणाऱ्यांना आधी स्वतःच्या घरी घेऊन आल्या. त्याला कारण होतं. त्यांची थोरली प्रमोदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि हिवतापानं गेली होती, पोटातल्या जिवासकट. आता धाकटी लीला केळव्याच्या सासरहून बाळंतपणाला यायची होती. त्याच घरात, त्याच खोलीत.

स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हिवताप हटवायचं सरकारनं मनावर घेतलं होतं. फवारणी करणारा धर्मा आचोळ्यापलीकडचा, खाडीकाठचा शेतकरी. घरची भातशेती भावावर सोडून या कामाला लागलेला. त्यानं आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंती भिजवल्या आणि पंप खाली ठेवून बजावलं, "वयनी, भितीला आता हात लावू नका. सारवन नाय, चुना नाय. डास भितीवर बसला का मेला, असा औषध हाय."

"आणि दिवाळी?"

"दिवाली काय, पुढल्या वर्साला बी येल."

वहिनींनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यांत आमच्याकडे बरंच अंतर असतं.

वहिनींचं बघून बाकीच्यांनीही दारं उघडली आणि आळीभर फवारणी झाली. भिंती वाळल्या तसे त्यांच्यावर पांढरे ओघळ उमटले. लीला आली आणि त्या वासानं तिला उलट्या सुरू झाल्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई ओघळांकडे बघून काहीतरी बोलून जाई. रामचंद्रभाऊंच्या, म्हणजे वहिनींच्या यजमानांच्या, घराला कोड फुटलंय, असंही कुणीतरी बोललं. बोलणारीच्या घराची तीच गत होती, पण दुसऱ्याचं घर आधी दिसतं. वहिनींनी थोडे दिवस कळ काढली. मग लेक जेवत नाही हे बघवेना, तेव्हा पदर खोचला, खुरपं घेतलं आणि भिंत खरवडायला बसल्या.

आमच्याकडे खरवडलेली माती कुणी फेकत नाही. ती मुरलेली असते, नव्या मातीहून चिकट. टोपल्यांत भरून ती बावखलाच्या काठाशी अर्धी पाण्यात बुडवून भिजत ठेवायची, सकाळी शेणात मळायची आणि पुन्हा भिंतीला लावायची. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. रहाटानं त्याचंच पाणी केळींना आणि पानवेलींना जातं, त्यातच भांडी घासली जातात, पोरं डुंबतात. वहिनींनी सुरुवात केल्यावर बाकीच्यांना काय, मोकळीकच मिळाली. संध्याकाळपर्यंत काठावर आळीभरच्या टोपल्या मांडल्या गेल्या आणि पाणी दरवर्षीसारखं गढूळ झालं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मासे वर आले. मोठाल्या मरळी पोट वर करून, आणि बारके मासे तर पाण्यावर भाताचा कोंडा सांडावा तसे. पलीकडच्या काठाला ऑगस्टीनची वाडी. त्याच्या बदकांनी पोटभर मासे खाल्ले, मग ती थरथरायला लागली आणि एकेक करून आडवी झाली. सणाच्या दिवशी दोन्ही काठांवरून भांडण जुंपलं. रामचंद्रभाऊ म्हणाले, मासे धरायला कुणीतरी पाण्यात विष कालवलंय. ऑगस्टीन म्हणाला, "आणि माझीच बदकं मारायला मीच कालवलं काय?" रहाटाच्या खांबावर बसणारा खंड्या पक्षी थोडे दिवस पाण्याकडे बघत बसला, मग दिसेनासा झाला. मला तरी त्याचंच सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

दिवाळी सरून पाणी निवळल्यावर वहिनी पायरीवर हंडा बुडवायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, काळ्याभोर, थरच्या थर. एरवी बारके मासे त्यांतली एक शिल्लक ठेवत नसत.

घरी येऊन त्या भाऊंना म्हणाल्या, "विष आपणच कालवलं. माझ्या टोपल्यांतून गेलं."

"काहीतरीच. भिंतीचं औषध पाण्यात कसं जाईल?"

"भिंतच पाण्यात घातली ना मी."

भाऊंनी भिंतींकडे पाहिलं. भिंती आता छान गुळगुळीत होत्या, शेणाचा ताजा वास येत होता आणि डास त्यांच्यावर निवांत बसत होते.

मार्गशीर्षात लीलाला थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी क्विनीन दिलं, वहिनी तिच्या उशापासून हलल्या नाहीत. लीला वाचली. दिवस भरायच्या आतच बाळंत झाली. मुलगा होता, बारशापर्यंत राहिला नाही. बघायला येणाऱ्या बायका देवाची इच्छा म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, "देवाला कशाला मध्ये आणता?"

पुढच्या वर्षी लीलाला पुन्हा दिवस गेले. केळव्याची माणसं तिला इकडे पाठवायला तयार नव्हती. लीलाच म्हणाली, मी आईकडेच जाणार. हे कळलं तेव्हा वहिनी पहिल्यांदा सगळ्यांदेखत रडल्या.

मग त्या कामाला लागल्या. भाऊंना पाठवून दुसऱ्या आळीतल्या बावखलातले मासे घागरींत भरून आणवले आणि पाण्यात सोडले. पावसाळ्यानंतर बारक्या माशांची झुंबड दिसायला लागली. आश्विनात धर्मा आला, भिंतींवर पुन्हा पांढरे ओघळ उमटले, पण या खेपेला वहिनींनी खुरपं माळ्यावर टाकून दिलं. लीलासाठी ओसरीच्या मोकळ्या वाऱ्यात मच्छरदाणी लावली. कुणी माती भिजवायला टोपली घेऊन आली, की वहिनी काठावर हजर. कंबरेवर हात ठेवून तिला परतवून लावायच्या. भांडखोर म्हणून आळीत नाव झालं.

आळीतलं शेवटचं घर करून धर्मा बावखलाच्या पायरीवर उतरला. पंपाचं झाकण फिरवून तो पंप पाण्यात बुडवणार, तोच वहिनी धावत आल्या.

"अरे, थांब! काय करतोस?"

"पंप धुतो. मागल्या वर्साला बी हितंच धुतला व्हता."

वहिनींनी पंप पाण्यापासून मागे ओढला. वर्षभर त्यांनी सगळा दोष एकटीच्या पदरात बांधून ठेवला होता. त्यातला थोडासा आज दुसऱ्याचा निघाला, पण हलकं काही वाटलं नसावं. त्या एवढंच म्हणाल्या, "इथं नको धुवूस."

"मग कुठं धुवू, वयनी?"

त्याला खरंच विचारायचं होतं. वहिनींनी आजूबाजूला पाहिलं. एका अंगाला पानवेलींचे वाफे, पलीकडे ऑगस्टीनची वाडी आणि नवी बदकं, मागे पिण्याच्या पाण्याची विहीर. मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो.

"ऱ्हाऊ द्या," धर्मा म्हणाला. "घराकडं जाऊन खाडीत धुतो."

"खाडीला लागूनच तुझं शेत ना रे?"

"हां. मासं बी तिथलंच खातो आमी."

तो पंप पाठीवर टाकून निघाला. त्याला हाक मारायला वहिनींनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी घराकडे पाहिलं. ओसरीवर लीला पोटावर हात ठेवून झोपली होती. वहिनींनी हाक मारली नाही.