कराडला दाखवायला

मलमाची ट्यूब खालून इतकी घट्ट गुंडाळली होती की तिच्यावरचं नाव अर्धं आत गेलं होतं. त्रिशला टूथपेस्ट अशीच गुंडाळायची, अंगठ्याच्या नखानं घडी दाबत दाबत... आणि तो मधूनच दाबायचा म्हणून बोलायची. आता तो खालून दाबतो. बोलायला कोणी नाही तरी. शर्टाच्या खिशातून ट्यूब बरगडीला टोचत होती आणि खाली, बाकावर टेकलेल्या मांड्यांच्या मध्ये, आग नेहमीसारखी चालू होती. खाज म्हणावी तर नुसती खाज नाही. मिरची कुटलेला हात लागावा तशी.

सांगलीत कातडीचे डॉक्टर थोडे नाहीत, पण सांगलीत कोणत्याही दवाखान्यात गेलं तरी पाहुणा भेटतो. मिरजेला तर तो आता पाऊल टाकणार नव्हता. त्रिशलाला तिथूनच शेवटचं घरी आणलं होतं. म्हणून कराड. समोरच्या भिंतीवर लिहिलं होतं – त्वचारोग, केस व गुप्तरोग. शेवटच्या शब्दाकडे बघायचं नाही असं ठरवून तो पंख्याकडे बघत बसला होता.

"आवं आदगोंडाअण्णा! तुमी हितं?"

बाळासो. त्याच्याच गल्लीतला. आईच्या पायाचं इसब दाखवायला आलेला, तिला बाकावर बसवत होता.

"केसांचं दाखवाय आला व्हय? ऱ्हायल्यात किती आता?" बाळासो स्वतःच हसला.

"पायाला चट्टा हाय," आदगोंडा म्हणाला.

"अन् बस्तीत देवाला का येत न्हाईसा? गावात म्हणत्यात, अण्णा देवावर लय रुसलाय. वैनी गेल्या, खरं हाय. पर अभिषेक कशाला सोडायचा, अण्णा?"

आदगोंडानं मान हलवली. रुसलाय – बरंच झालं, तसंच समजू दे. अंगावर पाझरती जखम असली की सोवळं नेसायचं नाही, तीर्थंकरांच्या मूर्तीला हात लावायचा नाही, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. ती जखम कुठं आहे हे बस्तीच्या पायरीवर उभं राहून कोणाला सांगणार? म्हणून त्यानं धुणं सुरू केलं. पाणी गाळून, उकळून, सोसवेल तितकं कढत, आणि त्यात मेडिकलमधलं जंतूंचं औषध. एकदा शुद्ध झालं की अभिषेकाला जाऊ. पण जितकं धुवावं तितकं पाझरे, आणि जितकं पाझरे तितकं धुवावं...

डॉक्टर किती झाले. एकानं गजकर्ण म्हणून ही ट्यूब दिली. एकानं साखर तपासली, ती निघाली नाही. एकानं दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, बाहेर कुठं जाता का? नाही. जन्मात नाही. मग कुठून आलं हे? आणि हे सुरू झालं त्याच वर्षी त्रिशलाच्या अंगावरून जायला लागलं. पाळी बंद होऊन इतका काळ झालेला, तरी. माझ्याकडून गेलं का तिला? माझ्या अंगात काही घाण होती आणि ती तिच्या पोटात जाऊन वाढली का? हे मी कोणाला विचारू... श्रद्धाला? पोरीला फोनवर?

आत डॉक्टर बाई निघाल्या. श्रद्धाच्याच वयाच्या. तो दारातच थबकला.

"या काका. लाजू नका, माझं रोजचंच काम आहे."

पडद्यामागे तिनं दिवा धरून बराच वेळ पाहिलं. कशानं धुता, विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, थोडं अभिमानानंच. मग तिनं ट्यूब मागितली.

"काका, आता त्रास रोगाचा नाही, उपायाचा आहे. यात स्टिरॉइड आहे. तिथली कातडी मुळात पातळ, ती तुम्ही आणखी पातळ केलीत. ट्यूब बंद. ते औषध, ते कढत पाणी बंद. साधं पाणी, दिवसातून एकदा. आधी आग वाढेल, मग उतरेल. महिने लागतील."

"पण सुरुवात कशानं झाली?"

"ते आता नाही सांगता येणार. कधी कधी कळतच नाही."

तो पायजम्याची नाडी बांधत होता. पाठ तिच्याकडे होती, म्हणूनच तोंडातून आलं असावं. "बाईसाहेब... बायको पिशवीच्या कॅन्सरनं गेली. ते माझ्या ह्याच्यामुळं..."

मागे पेन थांबलं. "पिशवीच्या तोंडाचा, की आतल्या अस्तराचा?"

"अस्तराचा म्हणाले होते."

"मग नाही. तोंडाचा बहुधा संसर्गातून होतो, अस्तराचा तसा होत नाही. आणि हे लागणारं दुखणंच नाही, काका. तुमचा त्यात काही संबंध नाही."

सांगलीच्या एस.टी.त त्याला खिडकी मिळाली. त्याला वाटलं होतं, असं कोणी म्हटलं तर आपण रडू. रडू आलं नाही. काही संबंध नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि ती गेली त्यात आपला काही संबंध नाही – रस्त्यावरच्या माणसाला म्हणावं तसं. मग ती गेली कशानं? सकाळपर्यंत कारण होतं. वाईट होतं, पण घरातलं होतं. त्याच्याशी भांडता येत होतं, त्याला धुता येत होतं. आता ते कोणाचंच नाही. कातडी बरी होईल, बस्तीत जावं लागेल, कलश हातात घ्यावा लागेल, आणि वरून त्या शांत दगडी चेहऱ्याकडे बघावं लागेल... गाव म्हणतं ते खोटं होतं इतके दिवस. आता खरं होईल.

पेठनाका गेला. उसाच्या ट्रॉलीमागे गाडी रेंगाळली. खिशातली ट्यूब काढून त्यानं खिडकीबाहेर हात नेला, परत आत घेतला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बराच वेळ आग झालीच नाही. त्यानं श्वास धरला. खरंच नव्हती. छातीत काहीतरी गार पडत गेलं, रिकाम्या घराचं कुलूप उघडताना पडतं तसं. त्यानं मांड्या एकमेकींना लावून दाबल्या आणि तो वाट बघू लागला.