डचेसची दुसरी बाजू

थ्रपलीच्या कालव्यावर होरेस टिबिट्सच्या बोटीइतकी चकचकीत बोट दुसरी नव्हती. डचेस तिचं नाव. घर करून राहायची लांबोडकी बोट, लाल अंगावर गुलाबांचे गुच्छ रंगवलेले, आणि पितळ असं घासलेलं की बदकं त्यात बघून पिसं नीट करायची. निदान होरेस तरी तसं सांगायचा. बोट वर्षानुवर्षं एकाच जागी, काठात ठोकलेल्या लोखंडी मेखांना पुढून-मागून दोराने बांधलेली. पाण्यातून जाणारी प्रत्येक बोट तिच्याजवळ मंदावायची, माणसं माना वळवून बघायची नि हसायची. कौतुकच ते, होरेसला खात्री होती. तरी तो दारातून ओरडायचाच, "हळू रे, हळू! मेखा उपटतील माझ्या!"

त्या रविवारी वळणापलीकडच्या पबमध्ये बोटवाल्यांची पंगत बसली होती. भाजलेलं मटण, बटाटे, आणि एक निकाल. टॅम्सिन नावाच्या मुलीला हिवाळ्यासाठी काठाला कायम बांधलेल्या त्यांच्या बोटींच्या रांगेतली रिकामी जागा हवी होती. जागा मिळाली नाही तर कालव्याच्या नियमाने तिला थंडीभर दर पंधरवड्याला बोट हलवत फिरायला लागणार. तिची बोट म्हणजे गंजलेली बादली. आणि रांगेत होरेसचा शब्द शेवटचा.

"पोरी, रांग म्हणजे रांग," होरेस म्हणाला. "गबाळ्या बोटीला इथे जागा नाही. नि तुझी मेख? परवा बघितली मी. अशी तिरकी, दारुड्यासारखी! मेख कशी असते, ही बघ." त्याने कोटाच्या खिशातून स्वतःची मेख काढून टेबलावर ठेवली. हातभर लांब, डोक्याला लाल रंग लावलेली. दाखवायला म्हणून सकाळी मागच्या दोराची उपटून आणली होती.

"मग मागचा दोर आता कुठे बांधलाय, होरेस?" शेजारच्या बोटीवरच्या नेव्हिलने विचारलं.

"पुढची आहे की! माझी एक मेख इतरांच्या चारांना भारी."

तेवढ्यात दारातून कोणीतरी ओरडलं, "बोट सुटली! रुंद पाण्यात बोट सुटलीय!"

कालव्यावर या हाकेला जेवण थांबतं. बोट वैऱ्याची असली तरी ताट तसंच सोडून धावायचं. सगळे बाहेर पळाले. पबसमोर बोटी वळवता याव्यात म्हणून कालवा रुंद केलेला. तिथे वाऱ्याने एक बोट गरगर फिरवून आडवी घातली होती. रंगाचे पोपडे, खिडकीखाली शेवाळाच्या दाढ्या, गंजाचे ओघळ.

"शी!" होरेस म्हणाला. "हा कुठला उकिरडा वाहत आला? नेव्हिल, बांबू धर. अरे, तसा नाही! मालक कोण हिचा? लाज नाही मेल्याला. बघा, मागचा दोर नुसता लोंबतोय. एका मेखेवर बांधली होती गाढवाने!"

बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. नेव्हिल तर खोकायलाच लागला.

तुम्ही म्हणाल, माणसाला स्वतःची बोट ओळखू येत नाही? मग सांगा, तुमच्या घराची मागची भिंत शेवटची कधी बघितलीत? होरेसने वर्षानुवर्षं काठाकडून डचेस रंगवली, काठावरूनच पाहिली. पाण्याकडची बाजू त्याच्या गावीच नव्हती.

टॅम्सिन कमरेइतक्या पाण्यात उतरली. दोर खांद्यावर घेऊन तिने बोट काठाला ओढली. पुढच्या दोराला उपटलेली मेख अजून लटकत होती. चिखलाने माखलेली, पण डोकं लाल.

होरेसने ते लाल डोकं पाहिलं. मग पळताना टेबलावरून उचलून आणलेली, हातातली मेख पाहिली. ती त्याने घाईघाईने पाठीमागे लपवली.

टॅम्सिननेही पाहिलं होतं. तिने लटकती मेख ओल्या मुठीत झाकली आणि हळूच म्हणाली, "मिस्टर टिबिट्स, तुमची जरा देता का? मागच्या दोराला हवीय." तिने दोन्ही मेखा ठोकल्या, सरळ ठोकल्या, आणि त्यांच्या डोक्यांवर चिखल थापला. "मालक येईल, घेऊन जाईल," ती सगळ्यांना म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर होरेसला बरं वाटलं असतं.

पुन्हा ताटं समोर आली. टॅम्सिन चुलीजवळ विजार वाळवत बसली. नेव्हिलने विचारलं, "हां, मग? गबाळ्या बोटीला जागा नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा. होरेस, लेका, नियम तुझा, आधी तुझा हात."

होरेसचा हात टेबलाला चिकटला होता. कान इतके तापले की त्यावर पाव भाजता आला असता. गप्प राहिलं तर झाकलेलं झाकलेलंच राहणार होतं. पोरगी मात्र थंडीभर भटकणार. तो खुर्चीला धरून उठला.

"ती... बाहेरची. ती डचेस आहे. गाढव मी."

कोणीच दचकलं नाही.

"माहीत आहे," नेव्हिल बटाटा कापत म्हणाला.

"माहीत आहे? कधीपासून?"

"अरे बाबा, आम्ही पाण्यातून येतो-जातो. आम्हाला तीच बाजू दिसते. उगाच का मंदावतो?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू बोलू देशील तेव्हा ना!"

होरेस मटकन खाली बसला. इतकी वर्षं वळलेल्या त्या माना, ते हसू, सगळं एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. शेवटी खाली मान घालून तो एवढंच म्हणाला, "पोरीला जागा द्या. माझ्या शेजारची."

त्याने डचेस परत जागेवर नेली, पण पूर्वीसारखी वळवली नाही. शेवाळाची बाजू काठाकडे आली. काठावरून येणारा-जाणारा तिला नाक घासून जाईल अशी. दुसऱ्या दिवशी तो पत्र्याची खरवडणी घेऊन गंज काढायला बसला. टॅम्सिन दुसरी खरवडणी घेऊन आली, काही न बोलता शेजारी बसली.

ही बातमी कालव्याच्या दोन्ही टोकांना पोचली. आता माणसं मुद्दाम काठावरून चालत येतात, त्याच्यापाशी थबकतात, मान तिरकी करून बघतात. होरेस मागे वळून न बघता खरवडत राहतो आणि मनात म्हणतो, जरा भरभर चला की रे, बाबांनो.