पाहुणीसाठी घासलेली कोठी

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या उन्हाळ्यातली. मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. सुरतेत, डिंडोलीच्या एका गल्लीत धुरपदाबाईंचं घर आहे. त्या घराच्या मोरीशेजारच्या कोपऱ्यात मी तेव्हा उभी होते.

माझा जन्म अमळनेरचा. धुरपदाबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून आले. कितीतरी वर्षं माझ्या पोटात बाजरी असायची. तिचा तो उबदार वास अजून आठवतो. पुढे त्यांचे यजमान शालिग्राम सुरतेतल्या पांडेसरा भागात कापड रंगवायच्या मिलमध्ये लागले आणि बिऱ्हाड इकडे आलं. इथे नळाला दिवसभर पाणी नसायचं. म्हणून धान्याची कोठी पाण्याची झाली. "हिचं पाणी कसं गार लागतं!" असं शेजारणी म्हणायच्या आणि मी फुलून जायचे.

त्या उन्हाळ्यात गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली. धुरपदाबाईंची नात गौरी तेव्हा अगदी लहान होती. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. तिची आई, घरची सून जयश्री, रडत सांगत होती, "पुन्हा असं झालं तर पोरीला झेपायचं नाही, म्हणाले डॉक्टर." माझ्या पोटातलं पाणी हललं. मुलं खेळून यायची आणि तशाच मातीच्या हातांनी माझ्यात ग्लास बुडवायची. हे दुखणं माझ्याच पोटातून तर जात नसेल ना?

शहराच्या आरोग्य खात्यातले अधिकारी श्रीकांतराव यांनाही असाच प्रश्न पडला होता. आधी काय करावं? रस्ते खोदून नळाची लाइन बदलावी, की घरोघरी झाकणाची, तोटीची भांडी द्यावीत? त्यांनी विद्यापीठाला विचारलं. तिथली ऋचा नावाची संशोधक मुलगी नळाचं आणि घरातलं पाणी तपासणार असं ठरलं. तसा निरोप गल्लीत आला.

निरोप आला मात्र, धुरपदाबाईंनी पदर खोचला. मला उपडं केलं, राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि ताजं पाणी भरलं. ऋचा आली, बाटलीत पाणी घेऊन प्रसन्न हसली आणि गेली. 'हे माझं रोजचं पाणी नव्हे!' असं मला ओरडावंसं वाटलं. पण कोठीला तोंड असलं तरी जीभ नसते. शिवाय मला भीती दोन्हीकडून होती. खरं कळलं तर मी भंगारात जाणार. नाही कळलं तर गौरी पुन्हा तेच पाणी पिणार.

निकाल आला. नळाचं पाणी चांगलं, घरांतलंही चांगलं! मग सगळं खापर बाहेरच्या खाण्यावर फुटणार, लाइन बदलणंही राहून जाणार आणि भांडी देणंही, असं शालिग्राम ऐकून आले.

ऋचाला मात्र चैन पडेना. पाणी चांगलं, तर मुलं आजारी कशी? एका दुपारी ती न कळवता गौरीला बघायला आली.

"ये माय, बस. उन्हाची आली, पानी घे," म्हणत धुरपदाबाईंनी ग्लास माझ्यात बुडवला. हात मनगटापर्यंत आत गेला.

ऋचाने ग्लास घेतला, पण ओठांना लावला नाही. "आजी, त्या दिवशी लांब दांड्याचं ओगराळं होतं ना?"

"ते शेजारून आनलं होतं. तुझ्यासाठी."

"आणि कोठीही तेव्हा चकचकीत होती."

"मग! सरकारी पाहुनी येनार म्हटल्यावर घान दाखवू का तुला? सगळ्या गल्लीनं घासल्या."

आतून जयश्री म्हणाली, "व्याही आले तरी आई एवढं करत नाहीत, ताई."

ऋचा हसायला गेली आणि तिचा चेहराच उतरला. "आजी, मी तुमचं पाणी तपासलंच नाही. तुमचा पाहुणचार तपासला."

तिने तिथूनच फोन लावला. "सर, माझं उत्तर चुकलंय."

श्रीकांतरावांचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो मॅडम, सोमवारी बैठक आहे! तुम्हा लोकांना विचारलं की एकाचे दोन प्रश्न होतात."

"होतात, सर. पण घाईत दिलेल्या उत्तरावर तुम्ही रस्ता खोदाल, नाहीतर काहीच करणार नाही. मुलं तशीच आजारी पडतील."

मग ते म्हणाले, "बैठक पुढे ढकलतो. पण आता निरोप पाठवू नका."

धुरपदाबाई माझ्याकडे बघत होत्या. "म्हंजे मीच पाजलं का गं पोरीला?"

"तुम्ही बोललात म्हणून तर कळलं, आजी," ऋचा म्हणाली. त्या दिवसापासून गौरीला उकळलेलं पाणी मिळू लागलं.

ऋचा पुन्हा आली, कुणालाही न सांगता, घराघरांत. मुलांना देतात तसंच पाणी तिने मागितलं. नळ निर्दोष निघाला. दोष माझ्यासारख्या, हात बुडवून पाणी काढायच्या भांड्यांत निघाला. मग तोटीची भांडी आली आणि भंगारवाल्याची गाडी दारात उभी राहिली. शेजारच्या कोठ्या एकेक करून चढल्या. धुरपदाबाईंनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "ही नाही. ही माझ्या माहेरची आहे."

श्रीकांतरावांची पुढे बदली झाली. आता कुठलाही अहवाल आला की ते आधी विचारतात म्हणे, "जाताना कळवून गेला होतात का?" ऋचा विद्यापीठात शिकवते आणि पहिल्या तासाला स्वतःची चूक सांगते. शालिग्राम मिलमधून निवृत्त झाले. जयश्री गल्लीतल्या नव्या सुनांना तोटीखाली ग्लास धरायला लावते. गौरी शाळेत जाते. आणि माझ्या पोटात पुन्हा बाजरी आहे.

मित्रांनो, तुमच्या दारी कुणी खरं विचारायला आलं तर त्याला चहा द्या, बसायला द्या, पण घर आहे तसं दाखवा. विचारणाऱ्यानेही एकदा न सांगता यावं. आणि माझं झाकण तेवढं लावत जा. आत हात आला की मी अजून दचकते, बाजरी असली तरी.