शिंजीर आणणारी परडी

मी परडी बोलतेय. देवपूजेची वेताची नव्हे हो. मी तारेची, साखळीला टांगलेली. जन्म माझा बहारीनचा, सित्र्याच्या एका वर्कशॉपमधला, साल अठ्ठ्याहत्तर. शिवदास तिथे वेल्डर. उरलेल्या तारा वाकवून त्याने मला घडवलं आणि शुक्रवारी सनद गावातल्या भाड्याच्या खोलीत बायकोपुढे ठेवलं. "घे गो, तुझी बाग."

मथुरा वेंगुर्ल्याकडची. हिरव्यावाचून जीव गुदमरायचा तिचा. तिने माझ्या पोटात काथ्या अंथरला, माती भरली आणि घरमालकीण हुस्नाच्या अंगणातली एक फांदी खोवली. त्या झाडाला नळीसारखी लालभडक फुलं यायची. पहिली फांदी जळाली, कारण नळाचं पाणी खारट. मग मथुरा मला गोडं पाणी पाजू लागली.

"पीने का पानी झाड को? पागल, मजनून!" हुस्ना ओरडली.

"चावल धोया हुआ है, खाला."

हिवाळा आला आणि माझ्या कडांवरून फुलांच्या झिरमिळ्या लोंबू लागल्या. अमेरिकेत अशा फुलांवर हमिंगबर्ड येतात म्हणे. माझ्याकडे आला तो अंगठ्याएवढा, काळानिळा, वाकड्या चोचीचा. फुलाला उलटा लटकून मध प्यायला आणि भुर्रकन गेला. हुस्नाने असा पक्षी इथे कधी पाहिला नव्हता. मथुरेने मात्र ओळखला. "शिंजीर! आमच्या जास्वंदीर येय तो!" बोलता बोलता तिचे डोळे भरले.

पुढच्या वर्षी शिवदास परांचीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. पहिल्याच प्रयत्नात तो कोसळला आणि त्याने हाय खाल्ली. कंपनीने मुदत दिली होती. कामावर नाही आला तर व्हिसा खलास. तो नुसता खाटेवर पडून खिडकीबाहेर समोरच टांगलेल्या मला बघायचा. "आज इलो काय शिंजीर?" एवढंच विचारायचा.

एका दुपारी तो झोपलेला असताना मथुरेने मला काढून खिडकीच्या कडेला टांगलं. त्याला कोपरावर उठावं लागलं. चार दिवसांनी आणखी पलीकडे. आता तो उठून बसू लागला. मग एक दिवस तिने मला थेट दारावरच्या हुकाला अडकवलं.

"माका परडी दिसणा नाय!"

"मगे उठा."

तो नको नको ते बोलला, ताट सरकवून दिलं. मथुरा बाहेर पायरीवर, बरोबर माझ्याखाली येऊन बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. आत आवाज जाऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंजीर आला. फुलाफुलावर चिवचिवला. मथुरा पायरीवरच होती, तिने हाक मारली नाही. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग भिंतीला घासत येणारा हात. शिवदास चौकटीला धरून दारात उभा राहिला, घामाने निथळत. त्याला बघताच पक्षी उडाला.

"गेलो," तो म्हणाला.

"येतलो परत."

आधार द्यायला ती उठली नाही. स्वतःचेच दोन्ही हात तिने घट्ट आवळून धरले होते.

माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "परडी तू सरकवलंस मां?"

"तुमका सरकूक जमणा नाय, म्हणान परडी सरकवलंय."

शिवदास हसला. पडल्यापासून पहिल्यांदा. किंचित लंगडत का होईना, मुदतीच्या आत तो कामावर रुजू झाला आणि पुढे पाच वर्षं टिकला. पंच्याऐंशीला दोघं कायमची गावी निघाली, तेव्हा पेटी त्याने स्वतः उचलून टॅक्सीत ठेवली. मथुरेला मला सोडून जाववेना.

"छोड़ दे बेटी," हुस्ना म्हणाली, "पानी मैं देगी, इंशाल्ला."

आता मी हुस्नाच्या दारात आहे. गंज चढलाय, दोन तारा तुटल्यात, तिथे तिने सुंभ गुंडाळलाय. येणारी-जाणारी फुलांचं कौतुक करतात, कुणी पक्ष्याचं. माझं म्हणाल, तर बघून घ्यावी अशी गोष्ट मी एकच बघितली, ती म्हणजे मथुरेची हिंमत.

तुमच्यापैकी कुणी वेंगुर्ल्याकडे गेलंच, तर तिला एवढा निरोप द्या: परडी फुललेली आहे, आणि खाला एक दिवसही पाणी चुकवत नाही.