कॉकपिटची काच

"ह्यांचं विमान टेबलावर असेल तोवर भिंगरीला माझ्याजवळ ठेवत जा," सासूबाई मला म्हणाल्या होत्या. आम्ही त्यांच्याकडे राहायला गेलो त्याच आठवड्यात. मटार सोलता सोलता, मान खाली घालून.

मी हसले. "आई, ते काय खरं विमान आहे, उडून डोक्यात पडायला?"

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, नातीचा लळा लागलाय, तिला जवळ ठेवून घ्यायचा हा एक बहाणा.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला ते नाव पडलं. आमच्या घराचं छत गळायला लागलं, दुरुस्ती होईपर्यंत कुठं राहायचं हा प्रश्न आला, आणि आम्ही नवऱ्याच्या आईवडिलांकडे गेलो. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दोघातिघांना हलणार नाही अशी मोटर हा एकटा उचलतो. शिकायला म्हणून तो लहान वयातच या घरातून बाहेर पडला आणि त्यानंतर पाहुण्यासारखाच येत राहिला, एवढं मला माहीत होतं. कारण विचारलं की म्हणायचा, "बाबा शिस्तीचे आहेत." शिस्तीचे तर माझेही वडील होते.

मी काळजी करणारी बाई आहे. पोर चालायला लागायच्या आधीच मी टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज लावले होते. त्यामुळे सासऱ्यांचं खिडकीजवळचं टेबल पाहिलं तेव्हा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर, किटमधून जोडायचं काम तिथं चालू होतं. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले बारीक भाग, सहज नाकात जातील असे. शेजारी धारदार पातं, थिनरची बाटली, स्पिरिटचा दिवा. मी पात्यावर नजर ठेवली. थिनरचं झाकण येताजाता घट्ट केलं. माणसावर नजर ठेवायचं मला सुचलं नाही.

सासरे बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. जन्मात विमानात बसले नव्हते, तरी शेजारपाजारचे त्यांना "पायलटसाहेब" म्हणत, आणि ते तसं म्हणू देत. हात मात्र विलक्षण. केसाएवढा भाग चिमट्यात धरला की ते श्वास रोखत, आणि सगळं घर श्वास रोखी. सासूबाई भांडी विसळायच्या थांबत. नवरा टीव्हीचा आवाज बंद करी. मला वाटे, ही माणसं कामाचा किती मान ठेवतात.

भिंगरीला ते सगळं समजावून सांगत.

"हे बघ. पंखांत बंदुका आहेत. सगळ्यांच्या गोळ्या पुढं एकाच ठिकाणी जाऊन पडतात. तिथं जो सापडेल त्याचा चुरा."

"आणि या आतल्या काकाचं काय?"

"त्याच्या गुडघ्यांपुढंच पेट्रोलची टाकी असते. ती पेटली की आग थेट मांडीवर. आधी हात जळतात, मग तोंड. वरची काच अडकली तर बसल्या जागी भाजून निघतो."

"मग तो रडतो?"

"रडेना का. वर आकाशात ऐकायला कोण बसलंय?" आणि ते स्वतःवरच खूश होऊन हसले.

"बाबा, चार वर्षांची आहे ती," मी म्हटलं.

"मग आत्ताच कळू दे. नाहीतर बापासारखी मुळूमुळू निघायची."

नवरा पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं नाही. बराच वेळ उलटलं नाही.

पंखाला गोळ्या लागल्याची भोकं पाडायची होती. त्यासाठी ते सुई चिमट्यात धरून दिव्यावर लाल करत आणि प्लास्टिकमध्ये टोचत. चर्र व्हायचं, जळका वास घरभर पसरायचा. तेवढ्या वेळात सासूबाईंना हमखास गॅलरीत काहीतरी काम निघायचं.

त्यांना नवऱ्यानं नवा फोन आणून दिला होता, बोट टेकवून उघडायचा. उजव्या हाताचं बोट कितीदा टेकवलं तरी फोन ढिम्म. मी थट्टा केली, "आई, जन्मभर भांडी घासून बोटावरच्या रेषासुद्धा धुऊन टाकल्यात तुम्ही."

"रेषाच गेल्या गं," त्या म्हणाल्या, "नशीब आहे तिथंच आहे."

आम्ही दोघी हसलो. नवरा उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून सासूबाई आकडे दाबून फोन उघडू लागल्या.

एका शनिवारी सासरे डोळे तपासून घ्यायला गेले होते. सासूबाई आंघोळीला, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत एकदम शांतता झाली. खेळणाऱ्या पोराची शांतता आईला बरोबर कळते. धावत गेले, तर धूळ बसू नये म्हणून विमानावर घालायचं पारदर्शक झाकण बाजूला, आणि भिंगरीच्या तळहातावर कॉकपिटची इवलीशी काच.

"काय केलंस हे?"

"आतल्या काकाला बाहेर काढत होते," ती म्हणाली. "आग लागली तर?"

मी तिला रागावले नाही. स्वयंपाकघराच्या खणात पटकन चिकटणारा गोंद होता, मिक्सरच्या भांड्याचा दांडा जोडायला आणलेला. टाचणीच्या टोकानं काचेच्या कडेला थेंब लावला आणि ती जागेवर बसवली. जोड कुठं दिसेना. विमानावर झाकण घातलं, तेवढ्यात सासूबाई ओल्या केसांनी दारात उभ्या.

"कशानं चिकटवलंस?"

मी नळी दाखवली. त्यांनी खालचा ओठ दातात धरला. "आपण असं करू या का? आल्या आल्या मीच सांगते, झटकताना माझ्या हातून निघाली म्हणून."

"आई, त्यांना कळणारसुद्धा नाही."

"त्यांना सगळं कळतं," त्या म्हणाल्या. मी पुन्हा कपड्यांकडे गेले.

सासरे परतले ते डोळ्यांत औषध घालून. सगळं पुसट दिसत होतं, म्हणून त्या दिवशी टेबलाकडे फिरकले नाहीत.

रविवारी सकाळी मी भिंगरीच्या वेण्या घालत होते. नवरा बाथरूममध्ये दाढी करत होता. बाहेरून हाक आली, "सूनबाई, जरा इकडे या." आवाज इतका मऊ, की मी रिबन हातात घेऊनच गेले.

काच पांढरी पडली होती. त्या गोंदाला वाफ असते, हे मला कुठं माहीत होतं? रात्रभर ती झाकणाखाली कोंडून राहिली आणि काचेवर बसली. जिथं बोट लागलं होतं तिथं जास्तच. बोटाच्या तेला-घामावर ती वाफ धरते म्हणे, हे नंतर कळलं. त्या पांढऱ्या धुक्यात मधोमध एक ठसा उमटला होता. रेषेत रेषा, वळणात वळण, मटाराच्या दाण्याएवढा.

"पोरीला बोलवा."

"बाबा, माझ्या हातून तुटलं ते."

"तुम्हाला कुणी विचारलं?" त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. सुई चिमट्यात धरली. सगळं सावकाश, रोजच्यासारखं. "चोराला बोट दाखवायला नको. चोरानं स्वतःच दाखवलंय."

भिंगरी, अर्धी वेणी मोकळी, माझ्यामागून आलीच होती. त्यांनी वाकून तिचं मनगट धरलं. मी तिला ओढायला गेले तर मला कोपरानं असं ढकललं की पाठ कपाटावर आदळली.

"हे बोट का गं, राणी? की हे?"

"अहो, सोडा तिला." सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. हात पदराला पुसत होत्या, आणि पुसतच राहिल्या. "माझं बोट आहे ते. काल पुसायला घेतलं होतं मी."

सासरे हसले. खरोखर मजा वाटल्यासारखे हसले.

"तुझं? तुझ्या बोटाला रेषा ठेवल्यात का मी?"

मी सासूबाईंच्या बोटाकडे पाहिलं. टोक गुळगुळीत, चकचकीत, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं. भांडी घासून असं होत नाही. हे बोट मी रोज बघत होते, आणि त्यावर विनोद केला होता.

बाथरूमच्या दारात नवरा उभा होता. तोंडाला फेस, हातात वस्तरा नाही, काही नाही. तो म्हणाला, "बाबा, मी केलं." त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. सात-आठ वर्षांच्या पोराचा आवाज. "मी केलं, बाबा. मला द्या." आणि त्यानं हात पुढं केला. तळवा वर, बोटं पसरलेली. शिकवल्यासारखा.

सुई लाल झाली होती. भिंगरी ओरडत नव्हती. तिला अजून कळलंच नव्हतं. ती सुईकडे कुतूहलानं बघत होती.

मी विमान उचललं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. एक पंख मुळापासून उडाला. सासऱ्यांचा हात सुटला. पोरगी मोकळी झाली, आणि ते माझ्यावर आले.

सुई आधी दंडात गेली. त्या वेळी दुखलं नाही, वास तेवढा आला, आणि मूर्खासारखं मनात आलं की प्लास्टिकचा वास वेगळा असतो. मग त्यांनी माझे केस धरून डोकं खिडकीच्या चौकटीवर मारलं. पुन्हा मारलं. ओठ फाटला, तोंडात रक्त आणि दाताचा कपचा. मी खाली पडले तर पोटात लाथ. वयाची सत्तरी गाठलेला माणूस, पण सवयीच्या कामाला ताकद कमी लागते. ते एक शब्द बोलत नव्हते. श्वास रोखून धरला होता, केसाएवढा भाग बसवताना धरत तसाच. माझ्या हाताला थिनरची बाटली लागली. ती मी त्यांच्या गुडघ्यावर जीव खाऊन हाणली, आणि हाड वाजलं ते ऐकून मला बरं वाटलं. ते मी लपवणार नाही. बाटली फुटली नाही, नाहीतर पेटलेल्या दिव्यानं आम्ही सगळेच तिथं संपलो असतो. सासूबाईंनी हातानंच दिवा विझवला.

तेव्हा नवरा हलला. त्यानं वडिलांना मागून कवेत घेतलं आणि मोटर उचलावी तसे उचलले. पाय हवेत. आणि मग त्याला कळेना की आता त्यांना ठेवायचं कुठं. तो तसाच उभा राहिला, वडील हातात घेऊन. त्यांनी डोकं जोरात मागं फेकलं. नवऱ्याचं नाक फुटलं, दाढीचा फेस लाल झाला. तरी त्यानं सोडलं नाही.

"निघा," सासूबाई म्हणाल्या. भिंगरी त्यांच्या कडेवर होती, दार उघडं होतं. पोरीला त्यांनी माझ्याकडे दिलं, माझी पर्स माझ्या खांद्याला अडकवली.

"आई, तुम्ही चला."

"मी आले तर ते तुमच्या मागं येतील. मी असले की घरात राहतात." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "ठेव त्यांना खाली, बाळा. आणि जा."

बाळा म्हटल्यावर त्यानं ठेवलं. आम्ही जिन्यात आलो. मागं आतून कडी लागली. मग एक आवाज आला, जड पोतं जमिनीवर पडल्यासारखा. किंकाळी नाही. नवरा उलटा धावला आणि दारावर लाथा घालायला लागला. शेजारी बाहेर आले, कुणीतरी पोलिसांना फोन केला.

पोलीस आले तेव्हा दार सासूबाईंनीच उघडलं. भुवई फाटली होती, उजवा हात पदराखाली. "बाथरूममध्ये पाय घसरला," त्या म्हणाल्या. मागं खुर्चीत सासरे, चष्मा लावलेले, मांडीवर मोडलेलं विमान. "सूनबाईंनी माझं काम फोडलं. घरातलं भांडण आहे." पोलिसानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं. सासूबाईंना विचारलं, "आजी, यांच्याबरोबर जायचंय का?" त्यांनी मान हलवली. नाही.

आम्ही आमच्या गळक्या घरात परत आलो. भिंगरी आता काचेच्या कुठल्याही वस्तूला हात लावत नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा मला धरायला लावते. नवरा आईला भेटायला जात राहिला. दार उघडत नसे. आणि खालच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा त्याला जिन्यात गाठून सांगितलं, "तुम्ही येऊन गेलात ना, की त्या संध्याकाळी वर आवाज होतात." त्यानंतर त्याचे पाय थांबले. सासूबाईंचा फोन बंद असतो. ती खालची बाईही आता घर सोडून गेली.

म्हणून मी हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाच्या रस्त्यावर ती इमारत असेल. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दोऱ्यानं टांगलेलं विमान दिसेल, तपकिरी-हिरवं, पंख पुन्हा जोडलेला, काच पांढरी. दिसलं तर वर जा आणि घंटी वाजवा. आमचं नाव काढू नका. सासऱ्यांनी दार उघडलं तर आजींनाच बोलवा म्हणा, आणि त्या येईपर्यंत दारातून हलू नका. "बऱ्या आहात ना" असं विचारू नका, त्या हो म्हणतील. पाणी मागा. ग्लास कुठल्या हातात धरून आणतात, तेवढं नीट बघा.